आधी काम ठरवा, मग आरव्ही घ्या

निवृत्तीनंतर आरव्हीत, म्हणजे आत घर थाटलेल्या गाडीत, राहून हंगामी काम करायचं ज्यांच्या मनात आहे, अशी अमेरिकेतली मराठी जोडपी भेटली की पहिला प्रश्न येतो तो गाडीचा. क्लास सी, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली, घ्यावी की फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकने ओढायचा ट्रेलर? मी सांगते, गाडीचं मागाहून बघा, आधी काम ठरवा. काम कुठे आहे, किती महिन्यांचं आहे, तिथे वीज 30 अँपिअरची आहे की 50 ची, जागा किती लांबीची आहे, हे कळलं की निम्मी गाडी ठरलीच. काही खासगी आरव्ही पार्कांत तर 10 वर्षांहून जुनी गाडी घेतच नाहीत.

मी नर्स होते, आमचे हे मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यात. आता उन्हाळाभर आम्ही कॅम्पग्राउंडवर राहतो, तिथेच काम करतो आणि थंडीत पुण्याला जातो.

कामं मुख्यतः दोन तऱ्हांची. सरकारी पार्कांत कॅम्प होस्ट म्हणून, म्हणजे तळावर येणाऱ्यांची सोय बघत, स्वयंसेवा करायची, बदल्यात वीज-पाण्यासह जागा मिळते. अशा जागा व्हॉलंटियर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर निघतात. दुसरी तऱ्हा पगारी: यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणची दुकानं, हॉटेलं, खासगी कॅम्पग्राउंड. त्यासाठी कूलवर्क्स हे नोकऱ्यांचं संकेतस्थळ बघा. अंगात ताकद असेल तर ऑक्टोबरात रेड रिव्हर व्हॅलीत, म्हणजे मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर, शुगर बीटच्या, म्हणजे साखरेसाठी लावलेल्या बीटच्या, काढणीचा हंगाम असतो. पैसे चांगले, पण 12-12 तासांची पाळी, तीही थंडीत, उघड्यावर. साठी उलटलेल्यांनी गुडघ्यांना विचारूनच हो म्हणावं.

होकार देण्याआधी सगळं लेखी घ्या. 'आठवड्याला 20 तास' म्हणजे जोडप्याचे मिळून की प्रत्येकी? प्रत्येकी असतील तर दोघांचे महिन्याला साधारण 173 तास होतात. तशाच जागेचं मासिक भाडं 700 डॉलर असेल आणि वर पगार नसेल, तर तुम्ही तासाला चार डॉलरवर राबताय. संघराज्याचा किमान वेतनदर 7.25 आहे. राष्ट्रीय उद्यानात मन लावून सेवा करायची असेल तर हा हिशेब नको, पण नफा कमावणाऱ्या मालकाकडे तो जरूर करा. विजेचं बिल कोण भरणार, संडास धुणं कामात आहे का, हंगाम संपताना बोनस आहे का, आणि मध्येच निघावं लागलं तर तो बुडतो का, हेही विचारा.

पूर्ण निवृत्तिवयाच्या आत सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, चालू केली असेल तर कमाईला मर्यादा आहे. 2025 साली ती 23,400 डॉलर होती. वरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर रोखून धरतात. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, निवडताना तर फार जपा. त्यातल्या खासगी कंपन्यांच्या ॲडव्हांटेज योजना बहुधा आपल्या भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. राज्याराज्यांत फिरणाऱ्यांना मूळ मेडिकेअर आणि जोडीला मेडिगॅप हा पूरक विमा बरं पडतं. आणखी एक, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना यात ओढू नका. फुकट जागेच्या बदल्यात केलेलं कामही कामच.

आता स्वयंपाकघर. 30 अँपिअर म्हणजे जेमतेम 3600 वॉट. उकाड्यात एसी चालू आहे, इन्स्टंट पॉटमध्ये वरण लावलंय आणि त्यातच कुणी मायक्रोवेव्हचं बटण दाबलं, की ब्रेकर पडलाच. म्हणून मी कुकर गॅसवरच लावते. फोडणीआधी छताचा पंखा चालू करायचा, खिडकी उघडायची, मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं नाही; नाहीतर स्मोक अलार्म शेजारच्या चार गाड्यांना उठवतो. प्रोपेनचा अलार्म मात्र खाली जमिनीलगत असतो, कारण तो वायू हवेपेक्षा जड. त्याच्यासमोर पिशव्या रचू नका. तेलकट कढई आधी कागदाने पुसा, मगच धुवा. भांड्यांच्या पाण्याची ग्रे टाकी बघता बघता भरते.

संडासाच्या ब्लॅक टाकीची झडप कायम बंद ठेवा. उघडी राहिली की पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी बसतो, मग तो निघता निघत नाही. टाकी दोन तृतीयांश भरली की हातमोजे घालून आधी ब्लॅक सोडा, नंतर ग्रे, म्हणजे त्या पाण्याने नळीही धुतली जाते. झडप लावून टाकीत बादलीभर पाणी घाला.

ही कामं दोघांनाही आली पाहिजेत. गाडी चालवणं, ट्रेलर जोडणं-सोडवणं, वीज लावणं, टाक्या सोडणं, सगळं. 'ते हे बघतात' असं म्हणणाऱ्या बायका मला फार भेटतात, आणि मला खरंच काळजी वाटते. नवरा हॉस्पिटलात असताना हंगाम संपला आणि जागा रिकामी करायची वेळ आली तर? आमच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलेला आहे: कॅम्पग्राउंडचं नाव, रस्ता, साइट नंबर, दोघांची औषधं आणि ॲलर्जी. 911 ला घाबऱ्याघुबऱ्या फोन करणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच आठवत नाही, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलंय. जागा बदलली की त्याच संध्याकाळी कागदही बदलायचा.

थंडीत भारतात जाणार असाल तर निघण्याआधी पाण्याची टाकी आणि वॉटर हीटर रिकामा करा, हीटर बायपास करून, म्हणजे वगळून, नळांतून गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे नळ गोठू न देणारं द्रव, फिरवा, बॅटरी सोडवून ठेवा. डाळी, पीठ, पोहे यांतला दाणाही आत ठेवू नका, उंदीर येतात. ग्रीन कार्डवाल्यांनी परतीचं तिकीट सहा महिन्यांच्या आतलं काढावं. आणि पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज पुण्यातूनच, डिसेंबर-जानेवारीत भरा. चांगल्या जागा तेव्हाच जातात.