जुनी चेनसॉ घरी आणली? आधी दोरी ओढू नका, आणि बाकीच्या या चुका टाळा

ओरेगॉनमध्ये राहायला आलो आणि दोनच वर्षांत मला जुन्या चेनसॉचा, म्हणजे लाकूड कापायच्या इंजिनवाल्या साखळी-करवतीचा, नाद लागला. इथे उन्हाळ्यात दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या दारात गॅरेज सेल लागलेला असतो, आणि एखाद्या कोपऱ्यात धूळ खात एक पिवळी मॅक्युलॉक नाहीतर लाल होमलाईट पडलेली असतेच, २०-३० डॉलरला. हा सगळा मुलूखच लाकूडतोडीचा. आज सगळीकडे जी चेन वापरतात तिचा जन्मही इथलाच. जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये ओंडका पोखरणारी एक अळी पाहिली, तिचे जबडे डावी-उजवीकडे कसे कापतात ते नीट बघितलं, आणि पुढच्या वर्षी पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात तशाच दातांची चेन बनवायला सुरुवात केली.

लहानपणी घरी लुना होती, तिचा प्लग साफ करणं आणि पॉईंट घासणं वडिलांनी शिकवलेलं. त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिन काही नवीन नव्हतं, पण तरीही चुका झाल्या. काही माझ्या, काही माझ्याकडे मशीन घेऊन येणाऱ्या मित्रांच्या. एखादं ६० वर्षं जुनं मशीन आपल्या हातून खराब झालं तर ते परत कुणी बनवणार नाहीये, म्हणून हे एवढं लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरी आणल्या आणल्या दोरी ओढणं. मोह होतो हे मान्य. विकणारा म्हणतो "ठेवली तेव्हा चालत होती", आणि आपल्याला पण बघायचंच असतं. पण मशीन २० वर्षं बंद असेल तर बोर (सिलिंडरची आतली भिंत) कोरडा असतो, रिंगांना गंज धरलेला असू शकतो, फ्लायव्हीलच्या पंख्यात मातीमाशीने घर केलेलं असतं, टाकीतलं पेट्रोल वॉर्निशसारखं चिकट झालेलं असतं आणि तुम्ही जोर लावून दहा वेळा ओढलं की त्या कोरड्या बोरमध्ये जे ओरखडे पडतात ते कायमचे. त्याआधी कुणी स्टार्टिंग फ्लुइड (इंजिन पटकन चालू करायचा स्प्रे) मारलं असेल तर अजूनच वाईट, कारण त्यात वंगण नसतं, उलट बोरवर थोडंफार ऑइल उरलेलं असेल तर तेही धुतलं जातं.

मी आता काय करतो सांगतो. पहिल्यांदा सायलेन्सर काढतो. दोन बोल्टचं काम आहे, आणि त्या भोकातून टॉर्च मारून थेट पिस्टन दिसतो. हळूच दोरी धरून पिस्टन खाली-वर करायचा. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या लेथच्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत असतील तर समजायचं की मशीन फारसं चाललेलंच नाही, तुमचं नशीब चांगलं. उभे ओरखडे असतील, राखाडी पट्टे असतील, तर एकदा तरी सीझ होऊन गेलंय. सेलमध्ये जाताना माझ्या खिशात पाना आणि छोटी टॉर्च असते, विकणाऱ्याला विचारून तिथेच सायलेन्सर उघडतो, बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत. पिस्टन ठीक दिसला तर प्लगच्या भोकातून थोडं टू-टी ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी प्लग न लावता सावकाश फिरवायचं.

कॉम्प्रेशन गेजचं पण एक आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि काटा थांबेपर्यंत ओढत राहा, नुसतं दोनदा ओढून "९० च आलं" म्हणून इंजिन टाकून देऊ नका. गेजचा व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी नसेल तर होजमधली हवा पण त्यात धरली जाते आणि एवढ्या छोट्या इंजिनात आकडा उगाच कमी येतो. साधारण १५० पीएसआय म्हणजे झकास, ११०-१२० च्या खाली गेलं की चालू करायला त्रास सुरू.

आता व्हिनेगरची गोष्ट, कारण ही चूक माझी स्वतःची आहे आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. गंज काढायला व्हिनेगर चांगलं, हे सगळ्यांना माहीत असतं. मॅक्युलॉक १०-१० मॉडेलचं स्टार्टरचं कव्हर, त्यावरचे स्क्रू गंजलेले, मी म्हटलं अख्खंच बुडवून ठेवू. तासाभराने सहज बघायला गेलो तर डबा फसफसत होता, सोडा वॉटरची बाटली उघडावी तसा, आणि बाहेर काढलं तर कव्हर काळं पडलेलं, बोट फिरवलं तर पृष्ठभाग स्पंजसारखा खडबडीत, आणि कडेला जिथे जाडी कमी होती तिथे आरपार छिद्र. ते कव्हर मॅग्नेशियमचं होतं. त्या काळातल्या बऱ्याच चेनसॉची बॉडी, कव्हर, कधी कधी टाकीसुद्धा मॅग्नेशियमचीच असते, वजन कमी करायला. मॅग्नेशियमला ऍसिड अजिबात चालत नाही, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो, नाहीतर गंज काढायचं तयार लिक्विड असो. स्क्रू वेगळे काढा आणि ते एकटेच बुडवा. बॉडीला रॉकेल किंवा साधा साबण आणि ब्रश. ऍल्युमिनियमचं बरोबर उलटं, त्याला कॉस्टिक खातं, म्हणून ओव्हन क्लीनर कार्बोरेटरवर किंवा सिलिंडरच्या पंखांवर मारू नका. आणि मॅग्नेशियमवर ग्राइंडर चालवू नका, तो बारीक चुरा पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतो.

याच धातूमुळे स्क्रूचाही घोळ होतो. लोखंडी स्क्रू मॅग्नेशियममध्ये ५० वर्षं बसला की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर केला की आधी डोकं खराब होतं, आणि मग आटे बाहेर येतात. पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, टाकी-कार्बोरेटर काढून पेट्रोलचा वाससुद्धा नाही याची खात्री करून थोडी हीट द्या, आणि हातोडी मारून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवा, मोठा स्क्रू कोंबू नका.

क्लच. बहुतेक चेनसॉच्या क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. एका मित्राने पाइप लावून नेहमीच्या दिशेने एवढं ताणलं की क्रँकचं टोकच पिळवटलं. क्लचवर बाण किंवा खूण आहे का ते आधी पुसून बघा. आणि पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालू नका, दोरीचा तुकडा घाला, एक्झॉस्टचं पोर्ट बंद झाल्यानंतर.

"करंटच नाही, कॉइल गेली" हे तर मी इतक्यांदा ऐकलंय. माझ्या हातात आलेल्या अशा दहा मशीनांपैकी कॉइल गेलेली एखादीच निघते. जुन्या मशीनला फ्लायव्हीलखाली करंट जोडणारे-तोडणारे पॉईंट असतात, स्कूटरला असायचे तसेच, आणि वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांच्यावर एक पातळ थर चढतो, डोळ्याला दिसत पण नाही. बारीक पॉलिश पेपर, मग कोरा जाड कागद दोन्ही पॉईंटमध्ये धरून ओढायचा, तो काळा यायचा बंद होईपर्यंत. होमलाईट एक्सएल-१२ ला गॅप ०.०१५ इंच. फ्लायव्हील काढताना पुलर वापरा, खालून पेचकस घालून उचकटलं तर पंख तुटतात. परत बसवताना त्याला क्रँकवर जागेवर धरणारी छोटी चावी (की) कापली गेली नाहीये ना ते बघा, ती जरा जरी सरकली तरी टायमिंग गेलं, आणि मग करंट असूनही मशीन चालू होत नाही आणि माणूस आठवडाभर कार्बोरेटर उघडत बसतो.

कार्बोरेटरबद्दल दोनच गोष्टी. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा, कारण पॅकिंग आधी की डायफ्राम आधी हे दोन्ही बाजूंना वेगळं असतं. आणि मिक्स्चर सेट करायच्या सुया पिळून बंद करू नका, टोकाला खाच पडते आणि मग ते कधीच सेट होत नाही. अलगद टेकवा, एक पूर्ण फेरा मागे घ्या, तिथून पुढे कानाने.

कानाने म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण इथेच इंजिनं जळतात. लाकडात न घालता फुल थ्रॉटल दिला की आवाज थोडा अडखळत, फडफडत यायला हवा, आणि लाकडात घातल्यावर तो मोकळा, स्वच्छ झाला पाहिजे. हवेतच तो सणसणीत, किंचाळल्यासारखा येत असेल तर लोकांना वाटतं वा काय पॉवर आहे, पण मिक्स्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, पिस्टन तापतोय. आयडल आपोआप चढत असेल आणि सुया फिरवूनही जागेवर राहत नसेल तर कार्बोरेटरला दोष देऊ नका, बहुतेक वेळा क्रँकचे ऑइल सील कडक होऊन हवा खेचत असतात. सील बदलल्याशिवाय ते मशीन लाकडात घालू नका.

पेट्रोल-ऑइल. जुन्या टाकीवर १६:१ लिहिलेलं असतं, पण तो हिशोब तेव्हाच्या ३० नंबरच्या साध्या इंजिन ऑइलचा आहे. आजचं चांगलं टू-टी ऑइल घ्या आणि ३२:१ ठेवा. "थोडं जास्त ऑइल घातलं तर बरंच" असं पण नाही, ऑइल वाढलं की त्या मापात पेट्रोल कमी होतं, म्हणजे सेटिंग तेच ठेवलं तर मिक्स्चर उलट लीन होतं. अमेरिकेतल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १०% इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या, डायफ्राम खराब करतं. इथेनॉल नसलेलं शोधा, थोडं महाग पडतं.

रंगकामाची घाई करू नका एवढंच म्हणेन. मूळ रंग आणि स्टिकर एकदा घासले की गेले, आणि मला तरी हात लागून झिजलेलं हँडल नव्या स्प्रे पेंटपेक्षा सुंदर वाटतं.

आणि चालू झाली की लगेच लाकडाकडे धावू नका. बऱ्याच जुन्या मशीनांना चेनचं ऑइल अंगठ्याने पंप करावं लागतं, ते विसरलात तर दोन मिनिटांत बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) निळा पडतो. बार, स्प्रॉकेट आणि चेन तिन्हींचा पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप) एकच हवा, ३/८ च्या स्प्रॉकेटवर .४०४ ची चेन "बसते की" म्हणून चढवू नका. सगळ्यात महत्त्वाचं, या मशीनांना चेन ब्रेक नाही. तो ७० च्या दशकात यायला लागला. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून तुमच्या तोंडावर येतं आणि मध्ये थांबवणारं काही नसतं. व्हायब्रेशन अडवायला रबर पण नाही, दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. मी पायाला चॅप्स (चेनपासून वाचवणारं जाड आवरण), डोक्याला जाळीचं हेल्मेट, कानाला मफ घातल्याशिवाय दोरीला हात लावत नाही, दोन्ही हात हँडलवर अंगठ्यासकट, ओंडका स्टँडवर पक्का, आणि फक्त आडवे तुकडे कापतो. झाड पाडायला, फांद्या छाटायला माझ्याकडे ब्रेक असलेली नवी चेनसॉ आहे, तीच बाहेर काढतो.