बँडसॉवर काप वाकडा जातोय? या चुका टाळा

पहिलंच सांगून टाकतो, बँडसॉवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याचं करवत-मशीन) लाकूड जोर लावून ढकलावं लागत असेल तर कुठंतरी गडबड आहे. धार गेलेली राहील, दात चुकीचे राहतील नाहीतर पट्टा ढिला राहील. मी नवीन होतो तेव्हा वाटायचं बाभूळच कडक, लावा जोर, आणि मग फळी कापून बघितली की मधे पोट आलेलं, वरून सरळ अन् आतून वाकडी. दोन-तीन फळ्या वाया गेल्यावर ताण वाढवला, पट्ट्याला धार लावून आणली, हात हलका केला, अन् त्याच बाभळीची फळी सरळ निघाली.

दातांचा हिशोब लोक करतच नाहीत. एकावेळी कमीत कमी तीन दात लाकडात पाहिजेत. इंचाला 3 दातांचा पट्टा लावून 6 एमएमचा प्लाय कापला तर पुरा एक दात पण आत राहत नाही, मग कडा फाटणारच. उलटं, 14 दातांचा बारीक पट्टा लावून 4 इंच जाड सागवान चिरायला घेतलं तर छप्पन दात आत, भुशाला निघायला जागाच नाही, धूर निघतो आणि काप काळा पडतो. जाड चिरायला 3-4 दाताचा, पातळ मालाला बारीक, एवढं जमलं तरी अर्धी भांडणं मिटतात. ओल्या कडुनिंबाचा, बाभळीचा डिंक दातांवर बसतो, तो बघत जा, कारण धार असूनही पट्टा बोथट वाटतो तो त्याच्यामुळे.

फेन्स (लाकूड सरळ सरकवायला टेबलावर बसवतात ती आधाराची पट्टी) लावली तरी काप एका बाजूला पळतो, ही तक्रार सगळ्यात जास्त. फेन्सला शिव्या देण्याआधी एक भंगार फळी घ्या, कडेला समांतर रेघ मारा आणि फेन्स काढून हातानं रेघेवरून अर्ध्यापर्यंत कापा. मशीन बंद करा पण फळी हलवू नका, ती ज्या तिरक्या कोनात उभी आहे त्याच कोनात फेन्स बसवा. प्रत्येक पट्ट्याचा कोन वेगळा राहतो, म्हणून पट्टा बदलला की परत हेच.

वळण कापताना रुंद पट्टा जबरदस्ती फिरवू नका. 6 एमएमचा पट्टा साधारण 16 एमएम त्रिज्येपर्यंत वळतो, 12 एमएमवाल्याला 60-65 तरी पाहिजे. अवघड वळण असेल तर बाहेरच्या वाया जाणाऱ्या भागातून आधी आडवे काप मारून ठेवा, तुकडे आपोआप गळत जातात. आणि अर्ध्यात अडकलात तर चालू मशीनवर लाकूड मागं ओढू नका, पट्टा चाकावरून उतरतो.

आता माझा मूर्खपणा. मे महिना, पत्र्याचं शेड, पारा 45 च्या आसपास, कुऱ्हाडीचा दांडा बनवायला मनगटाएवढी बाभळीची गोल फांदी घेतली आणि तशीच हातानं धरून आडवी कापली. पट्ट्यानं फांदी गर्रकन फिरवली, पट्टा पिळला, बोटं वाचली ती नशिबानं. बाजूच्या मिस्त्रीनं फक्त बघितलं आणि म्हणाला, "काय करी राह्यना रे भो?" गोल माल कापायचा तर खाली व्ही खाचेचा ठोकळा पाहिजेच. हातमोजे नकोत, आणि उन्हाळ्यात गळ्यात रुमाल टाकायची आपली सवय, तो पण काढून ठेवा.

वरचा गाईड, म्हणजे पट्ट्याला सरळ धरून ठेवणारा भाग, लाकडापासून पाव इंचच वर ठेवा, उघडा पट्टा जेवढा कमी तेवढा बरा. चालू असताना टक टक आवाज आला तर लगेच बंद, पट्ट्याला तडा गेलेला राहू शकतो. आणि लाईट गेली की आधी स्विच पाडा, मग चहाला जा. नाहीतर साधा स्विच असलेलं मशीन लाईट आल्यावर आपणहून सुरू होतं, आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी हात टेबलावर राहतो.