नव्या ऑफिसात हातात कामच नाही? या चुका टाळा

नोकरी लागली, पेढे वाटून झाले, आणि आता सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून पंख्याकडे बघायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं युनिट असो, सीएचं ऑफिस असो की साखर कारखान्याचा हिशेब विभाग, सोलापुरात नव्या पोरापोरींचा पहिला महिना बऱ्याचदा असाच जातो. घरी सांगावं तर ऐकणारा म्हणतो, "नशीबवान आहेस लेका, बसून पगार मिळतोय!" बसून पगार घेणं किती जड जातं ते बसलेल्यालाच कळतं. तरी माझं निरीक्षण असं की ऑफिसात काम पडलेलं असतं. ते कोणाच्या टेबलावरून उचलून तुमच्याकडे द्यायचं, एवढंच कोणी ठरवलेलं नसतं.

चूक पहिली: चार दिवसांत निष्कर्ष काढणं

आधी कारण शोधा. अकाउंट्सचं काम तारखांवर चालतं. टीडीएस (पैसे देताना कापून ठेवलेला कर) 7 तारखेपर्यंत भरायचा, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण) 11 तारखेपर्यंत, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) 15 पर्यंत, जीएसटीआर-3बी (महिन्याचा गोषवारा आणि कर) 20 पर्यंत. तुम्ही 22 तारखेला जॉइन झालात तर ऑफिस निवांत दिसणारच. तेच ऑफिस 9 तारखेला बघा, चहा प्यायला कोणी उठत नाही. साखर कारखान्यात गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. उसाच्या वजनाच्या पावत्या, तोडणी-वाहतुकीची बिलं यांचा पूर तेव्हा येतो. जूनमध्ये लागलेल्या माणसाला तिथे शांतता भेटते, त्यात त्याचा दोष नाही. उलट संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत निम्मं ऑफिस सुट्टीवर असतं, तेव्हा एखादं टेबल आपोआप तुमच्याकडे येतं.

दुसरं कारण अगदी साधं असतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाचा युजर तयार झालेला नाही, जीएसटी पोर्टलचा ओटीपी मालकांच्या मोबाइलवर जातो आणि मालक सुरतेला गेलेत. अशा वेळी कामाची वाट बघू नका, लॉगिन मागा. तेही तोंडी न मागता दोन ओळींचा मेल टाका. तिसरं कारण नाजूक आहे, त्याच्याकडे खाली येतो.

चूक दुसरी: "सर, काही काम आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: "बस जरा, सांगतो." सांगणारा खोटं बोलत नसतो. तुम्हाला काय द्यावं याचा विचार करणं हेच त्याच्यासाठी एक जादा काम होऊन बसतं, आणि त्याच्याकडे आधीच ढीग असतो. रोज तोच प्रश्न विचारला की तो तुम्हाला बघून फोन कानाला लावतो.

म्हणून काम आधी शोधा, मग परवानगी मागा. टॉवेलच्या युनिटचंच बघा. सूतवाल्या पार्टीचं स्टेटमेंट आलेलं असतं, त्यात येणं आपल्या खात्यापेक्षा जास्त दिसतं. फरक कुठून आला? कधी वजन कमी भरलं म्हणून आपण डेबिट नोट (तेवढी रक्कम कमी धरा असं कळवणारा कागद) काढलेली असते आणि त्यांनी ती धरलेली नसते. कधी महिन्याच्या शेवटच्या दिवशीचं बिल त्यांच्याकडे या महिन्यात असतं आणि आपल्याकडे माल पोचला तेव्हाच्या, म्हणजे पुढच्या महिन्यात. कधी दराचा फरक. हे जुळवायला डोकं कमी आणि चिकाटी जास्त लागते, त्यामुळे जुन्या माणसांना ते नको असतं. आता असं विचारून बघा: "सर, सूतवाल्यांची स्टेटमेंट जुळवायची राहिलीत असं अण्णा म्हणाले. चार पार्ट्या मी घेऊ का? संध्याकाळी फरकाची यादी दाखवतो." याला साहेबांना फक्त मान हलवायची असते, आणि ते ती हलवतात.

असंच आणखी एक काम सध्या बहुतेक ऑफिसांत अर्धवट पडलेलं असतं. आयकराच्या नियमाप्रमाणे (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)) सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तर जास्तीत जास्त 45. मुदत टळली तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच धरला जातो, म्हणजे 31 मार्चला थकलेली रक्कम त्या वर्षीच्या नफ्यात मिळून कर वाढतो. नुसत्या व्यापाऱ्यांना हे लागू नाही. माल बनवणारे आणि सेवा देणारे यांनाच. मग आपल्याकडे जॉबवर्क करणारे यंत्रमागवाले, प्रोसेसवाले, पॅकिंगची खोकी पुरवणारे यांच्यापैकी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) कोणाकडे आहे? ती यादी कोणीतरी फोन करकरून बनवायची असते. कोणीतरी म्हणजे तुम्ही. ही यादी ज्याच्याकडे असते त्याला मार्चमध्ये मालक नावाने हाक मारतात.

चूक तिसरी: कामात असल्याचं नाटक

एक्सेल उघडून ठेवायचं, कोणी मागून आलं की माउस हलवायचा. तासाभराचं काम दिवसभर पुरवायचं. वरवर सोयीचं वाटतं, पण यात साहेबांचा समज पक्का होतो की चार पार्ट्या जुळवायला तुम्हाला अख्खा दिवस लागतो. पुढे खरंच काम वाढलं की हाच हिशेब तुमच्या अंगाशी येतो. काम लवकर झालं तर लवकर झालं म्हणून सांगा.

मोबाइलबद्दल जास्त लिहीत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवा.

चूक चौथी: न विचारता दुसऱ्याच्या टेबलात हात घालणं

तिसरं कारण ते हेच. पंधरा-वीस वर्षं एकाच टेबलावर बसलेल्या अण्णांना वाटतं, हा पोरगा आपल्या जागेवर आणलाय. ते काहीच सोडत नाहीत, फाइल मागितली तर "असू दे, मी बघतो." यात त्यांचा राग करण्यात अर्थ नाही, त्यांची भीती अगदीच खोटी नसते. इथे उत्साही माणूस काय करतो? अण्णा जेवायला गेले की त्यांची शीट 'सुधारतो', दोन कॉलम उडवतो, जुन्या तारखेची एंट्री दुरुस्त करतो. हात दाखवून अवलक्षण. रिटर्न भरून झालेल्या महिन्यातली एंट्री हलली की पोर्टल आणि वह्या यांचा मेळ बसत नाही. शिवाय कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद आपोआप राहणं बंधनकारक आहे. कोणी, कधी, काय बदललं ते ऑडिटरला दिसतं.

अण्णांकडून काम काढायचा मार्ग वेगळा आहे. त्यांना कंटाळा येतो ते आधी मागा: व्हाउचर लावणं, बिलांचं स्कॅनिंग, ई-वे बिलांची (मालवाहतुकीसोबतच्या ऑनलाइन कागदांची) फाइल. आठवड्याभरात ते स्वतःहून म्हणतील, "हे पण बघ की जरा."

सरकारी ऑफिसात लागलेल्यांचं दुखणं थोडं वेगळं. तिथे टेबल मिळेपर्यंत कोणी काही देत नाही. पण कागदपत्रं सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. त्यातला स्थायी आदेशांचा गठ्ठा मागून वाचा, आणि नियतकालिकांचा, म्हणजे ठरावीक काळाने पाठवायच्या विवरणपत्रांचा, बघून कुठलं विवरणपत्र कधी जातं ते वहीत उतरवा. हे दोन पचले की टेबल हातात आल्यावर धांदल उडत नाही.

चूक पाचवी: टपरीवर बोलणं

"काय बे, काय करलालास सध्या?" "काही नाही, बसून पगार!" हसण्यावारी बोललेलं हे वाक्य तुमच्या आधी ऑफिसात पोचतं. सोलापूर एवढं मोठं नाही. चहा पिणाऱ्यातला कोणीतरी मालकांच्या मेव्हण्याच्या दुकानात असतोच.

चूक सहावी: वैतागून राजीनामा

महिन्याभरात हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला निघायचा मोह होतो. किमान दोन वेळा रिटर्नच्या तारखा येऊन जाऊ द्या. तोवर रोज काय केलं ते तारखेसकट वहीत लिहा, प्रोबेशन संपताना "याने काय केलं?" असा प्रश्न आला तर उत्तर तयार असतं. मोकळ्या वेळात एक्सेलमधलं पिव्होट टेबल शिका, मराठी टायपिंग पक्कं करा, पण शिकतोय हे साहेबांना सांगून. लपून केलेला अभ्याससुद्धा लांबून टाइमपासच दिसतो.

दोन महिने झाले, कामं मागून झाली, तरी टेबल रिकामंच असेल तर थेट मालकांची वेळ घ्या आणि विचारा की ही जागा कोणत्या कामासाठी भरली होती. काही वेळा उत्तर मिळतं की मोठी ऑर्डर येणार होती, ती आली नाही. मग दुसरीकडे बघायला लागा, पण हातची नोकरी ठेवून. निघताना अनुभवाचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा घ्या. पीएफ कापला जात असेल तर यूएएनमध्ये (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) जॉइनिंगची तारीख बरोबर आहे ना ते आत्ताच बघून ठेवा, आणि सोडल्यावर सोडल्याची तारीख चढवली की नाही तेही तपासा. ती राहिली तर पुढच्या कंपनीत पीएफ ट्रान्सफर करताना अडचण येऊ शकते.