शेजारच्या मुलांसाठी नाताळ: दीड तासाचा कार्यक्रम

संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या मुलांसाठीच्या रविवारच्या वर्गात, शिकवायला लागल्यावर पहिल्याच नाताळात मी शेजारच्या मुलांना घरी बोलावलं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं, 'मुलांसाठी धमाल, नक्की या.' मी गोष्ट सांगत होते, तेवढ्यात एक आई मुलीला न्यायला आली. दारात उभी राहून तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि जाताना शांतपणे म्हणाली, "येशूची गोष्ट सांगणार आहात हे आधी कळवलं असतं, तरी मी पाठवलंच असतं. पण कळवायला हवं होतं." तिचं बरोबर होतं. म्हणून खाऊ आणि सजावटीच्या आधी मी निमंत्रणाबद्दल लिहिते आहे.

निमंत्रण आईवडिलांच्या हातात द्या, मुलांबरोबर पाठवू नका. त्यावर स्पष्ट लिहा: आम्ही ख्रिस्ती आहोत, नाताळ साजरा करतो आहोत, खेळ आणि खाऊ असेल, बायबलमधली येशूच्या जन्माची गोष्ट सांगू आणि एक छोटी प्रार्थना करू. वेळ सुरू होण्याची लिहा तशी संपण्याचीही लिहा. थांबायचं असेल त्या पालकांचं स्वागत आहे, हेही लिहा. आपण सुवार्ता सांगायला निघालो आहोत, मग ती लपवून कशाला सांगायची? एखाद्या घरानं नको म्हटलं तर हसून बरं म्हणा आणि दुसऱ्या दिवशी भेटल्यावर नेहमीसारखंच बोला.

त्याच वेळी तीन गोष्टी विचारून घ्या: मुलाचं वय, कशाची ॲलर्जी आहे का, आणि घरी न्यायला कोण येणार. शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, गहू ही नावं घेऊन विचारा. नुसतं "काही चालत नाही का?" म्हटलं की घाईत "नाही, नाही" असं उत्तर येतं. फोटो काढणार असाल तर त्याचीही परवानगी आताच घ्या.

मुलं किती बोलवायची? मदतीला जितकी मोठी माणसं येतील त्या हिशेबानं. मी पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस धरते. दोघांपेक्षा कमी मोठी माणसं असतील तर कार्यक्रमच ठेवत नाही. कोणतंही मूल बंद दाराआड एकट्या मोठ्या माणसाबरोबर राहता कामा नये, मग तो माणूस आपल्या चर्चच्या मंडळीत कितीही जुना असो. हे मदतनीसांना आधीच सांगा, म्हणजे ऐनवेळी कुणाला अपमान वाटत नाही.

सजावटीत फार वेळ घालवू नका. जळत्या मेणबत्त्या नकोत, बॅटरीचे दिवे पुरतात. लहानग्यांच्या हाती फुगे देऊ नका, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो. अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षंही चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी धोक्याची.

दीड तास मी असा वाटते: मुलं येतील तशी टेबलाशी बसून कागदाचा तारा करतात आणि मागे आपलं नाव लिहितात. त्यामुळे लवकर आलेली कंटाळत नाहीत आणि मलाही सगळ्यांची नावं कळतात. मग पळापळीचे दोन खेळ, बाद होऊन बाजूला बसावं लागणार नाही असे. मग गोष्ट, मग खाऊ. गोष्ट खाऊनंतर ठेवलीत तर मुलांचं लक्ष दाराकडे लागतं, आणि खेळांच्या आधी ठेवलीत तर अंगातली मस्ती जिरलेली नसते.

गोष्ट सात-आठ मिनिटांची, वाचून न दाखवता डोळ्यांत बघून सांगायची. त्या आठवड्यात बायबलमधला लूकचा दुसरा आणि मत्तयचा दुसरा अध्याय पुन्हा वाचा, कारण आपल्या डोक्यात चित्रांमधलं बरंच मिसळलेलं असतं. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक, तीन होते असं बायबल म्हणत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या भेटी तीन होत्या. आणि मत्तयाच्या वृत्तांतात ते गोठ्यात येत नाहीत, घरात येतात.

मी एका खोक्यात गवत भरून ते मध्ये ठेवते. बाहुली नाही, नुसतं खोकं. मुलांना विचारते, "यातून कोण खातं?" गाय, बकरी, मेंढी अशी उत्तरं येतात. मग सांगते, की उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून मरीयेनं आपल्या बाळाला असल्याच गव्हाणीत ठेवलं. मुलं आपसूक गवताला हात लावून बघतात, ते टोचतं. त्या क्षणी खोलीत जी शांतता होते तिच्यावर काही बोलू नका, थोडं थांबा. (माणसांसमोर गव्हाण मांडण्याची ही रीत जुनी आहे. 1223 साली संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरं गवत, बैल आणि गाढव आणून नाताळ साजरा केला होता.) मग मेंढपाळ. रात्री रानात राखण करणाऱ्या साध्या माणसांना ही बातमी सगळ्यांत आधी मिळाली, हे मुलांना फार आवडतं.

कुणीतरी विचारतंच, "हे खरं आहे?" मी म्हणते, "हो, माझा यावर विश्वास आहे. तुझ्या घरी काय मानतात ते आईबाबांना विचार." प्रार्थना चार वाक्यांची, मीच करते. "ज्यांना नको वाटतं त्यांनी नुसतं शांत बसा," असं आधी सांगते. हात वर करायला लावणं, "येशूला कोण स्वीकारतं?" असं विचारणं मी करत नाही. खाऊ मिळायच्या आधी सहा वर्षांचं मूल कशालाही हो म्हणेल, आणि त्या होकाराचं देवाला काय करायचं?

भेटवस्तू सगळ्यांना सारखी, उत्तरं देणाऱ्यांना वेगळी नाही. चार-पाच जास्तीच्या ठेवा, कारण न बोलावलेली धाकटी भावंडं येतातच. भेट निघताना दारात, पालकांसमोर द्या.

सगळे गेल्यावर दोन-तीन तारे मागे राहिलेले असतात. ते मी टाकत नाही. मागचं नाव वाचून त्या मुलासाठी प्रार्थना करते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तारा घेऊन त्याच्या घरी जाते.