गुऱ्हाळाचं चुलवाण कधी विझवायचं?

गुऱ्हाळ कधी पेटवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. दिवाळी उरकली, थंडी पडली, नारळ फुटला की ऊस गाळणारा चरक फिरतो. थांबायचं कधी, हे मात्र बहुतेक ठिकाणी उभा ऊस ठरवतो. ऊस आहे तोवर जाळ चालू. मार्चअखेर निघणारा आणि आषाढात पाझरणारा मऊ, काळपट गूळ असाच तयार होतो. म्हणून शेवटचं आधण (काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एका वेळी उकळायचा रस) कुठलं हे रसाकडे आणि ढेपेकडे बघून ठरवा. फडात किती ऊस उरलाय, हा हिशोब वेगळा.

निफाडची थंडी उसाच्या कामाची असते. रात्री गार पडल्या की वाढ थांबते आणि साखर कांड्यांत साठत जाते. फाल्गुनात रात्री उबदार झाल्या की चक्र उलटं फिरतं. डोळे फुगतात, पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात आणि त्या वाढीसाठी ऊस स्वतःचीच साठवण मोडतो. मोडलेल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. चव गोडच राहते, पण त्यांना कणी धरत नाही आणि हवेतलं पाणी ती ओढून घेतात. चांगल्या गुळात सुक्रोज, म्हणजे न मोडलेली साखर, ८० टक्क्यांच्या वर आणि ही मोडलेली साखर १० टक्क्यांच्या आत असावी लागते. तोडलेल्या उसातही हेच घडतं, फक्त कितीतरी वेगाने. जानेवारीत आदल्या दिवशी तोडलेली मोळी दुसऱ्या दिवशी गाळली तरी निभावतं. पारा ३८ च्या वर गेला की तोडणीपासून चरकापर्यंत सहा ते बारा तासच हातात असतात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून रोज सकाळी तपासणी सुरू करा. फडाच्या आतून, बांधावरचा ऊस सोडून, वेगवेगळ्या ठिकाणचे दहा ऊस घ्या. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याच्या कांडीचा आणि शेंड्याकडच्या कांडीचा ब्रिक्स (शंभर भाग रसात विरघळलेला माल किती, तो आकडा) वेगळा मोजा. मोजणी सावलीत करा, कारण काच तापली की आकडा चुकतो. पक्व उसात दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. शेंड्याच्या आकड्याला बुडख्याच्या आकड्याने भागलं की ०.९५ किंवा त्याहून थोडं जास्त उत्तर मिळतं. हे उत्तर १ च्या वर जाऊ लागलं आणि बुडख्याचा ब्रिक्स रोज थोडा उतरू लागला, तर ऊस पक्वतेच्या पुढे गेला. तो प्लॉट आधी संपवा.

ब्रिक्स किती उतरला की परवडत नाही, ते साध्या हिशोबाने कळतं. २१ ब्रिक्सच्या १००० किलो रसात २१० किलो विरघळलेला माल असतो. त्याचा, मळी (उकळताना वर येणारा गाळ) वजा करण्याआधी, साधारण २२० किलो गूळ होतो. १७ ब्रिक्सच्या तेवढ्याच रसाचा १८० किलोच्या आसपास. म्हणजे ४० किलो गूळ कमी, आणि उडवायचं पाणी उलट ४० किलो जास्त. चिपाडाचा (गाळून उरलेल्या उसाचा) जाळ आणि मजुरी मात्र कमी होत नाही.

पण उन्हाळ्यात एकट्या ब्रिक्सवर विसंबू नका. रिफ्रॅक्टोमीटर रसात विरघळलेलं सगळं मोजतो. त्यातली खरी साखर किती आणि मोडलेली किती, हे त्याला कळत नाही. एप्रिलमध्ये पाणी देणं थांबवलेला ऊस वाळतो, रस घट्ट होतो आणि ब्रिक्स २३ दाखवतो. मालक खूश होतो, गूळ मात्र बसतच नाही. असा ऊस मधोमध उभा चिरून बघा. आत पांढरी कापसासारखी दशी पडलेली असेल, तर रसही कमी निघणार आणि जो निघेल तोही हलक्या प्रतीचा.

म्हणून ब्रिक्सच्या जोडीला पीएच कागद ठेवा. ताज्या, निरोगी रसाचा पीएच ५.२ ते ५.५ असतो. चरकातून पडणाऱ्या रसाचा पीएच ५ च्या खाली आला तर ऊस शिळा आहे किंवा चरक घाण आहे. चरक चुन्याच्या पाण्याने धुऊन पुन्हा मोजा, म्हणजे दोष कशाचा ते समजेल. दोन बोटांत रस घेऊन बोटं अलग करा. बारीक तार सुटली तर जिवाणूंनी साखरेचा बुळबुळीत पदार्थ करायला सुरुवात केली आहे. असा रस काहिलीत घालू नका. त्याची मळी भेंडीच्या पाण्यानेही नीट वर येत नाही, आणि अडकलेली मळी गुळाला काळं करते.

सगळ्यात खरं सांगते ती गोळी. काहिलीत थर्मामीटर ठेवाच. थंड पाण्याची वाटी घ्या, पाक ११६ अंशांवर आला की पळीतून दोन थेंब पाण्यात सोडा आणि बोटांनी गोळा करा. हंगामाच्या भरात ११८ अंशांना गोळी अशी वळते की वाटीच्या कडेवर मारली तर टण् वाजते. हंगाम उतरला की त्याच ११८ ला गोळी बोटांना चिकटते, दाबली की चपटी होते आणि वाजत नाही. इथे गुळव्याचा मोह असतो आणखी जाळ देण्याचा. १२१–१२२ वर गोळी घट्ट होतेही, पण तोवर मोडलेली साखर करपायला लागलेली असते. गूळ लालसर काळा होतो, चवीला कडवट लागतो आणि दोन दिवसांत पुन्हा चिकटतो. ११८ अंशांना गोळी वाजायची थांबली, की तो ऊस ढेपेचा राहिला नाही. जाळ वाढवून तो परत येत नाही.

एका आधणावरून मात्र निर्णय घेऊ नका. एखादी मोळी शिळी असू शकते, रसात घालायचा चुना कमी पडलेला असू शकतो. तीन दिवस लागोपाठ, पहाटेच्या ताज्या तोडीच्या उसातून, चरक स्वच्छ धुतलेला असताना गोळी मऊ आली तर थांबा. शिवाय जानेवारीतल्या चांगल्या आधणाचा अर्धा किलो गूळ काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा. रोजच्या ढेपेतून एक तुकडा फोडून त्याच्या शेजारी ठेवा. रंग, फोडीची कणी आणि नखाने दाबल्यावरचा कडकपणा उजेडात बघा. रंग आठवणीने ताडू नका. रोज थोडा थोडा गडद होणारा गूळ रोजच्या डोळ्याला तसाच दिसत राहतो.

तोड कुठल्या क्रमाने लावली यावर हंगाम दोन-तीन आठवडे लांबतो किंवा तेवढाच आखडतो. उसाच्या जातींपैकी कोसी ६७१ लवकर पिकतो आणि त्याला तुरा येतो, म्हणून तो आधी तोडा, मार्चपर्यंत ठेवूच नका. तुरा आल्यावर दीड-दोन महिन्यांत कांडी पोकळ पडू लागते. को ८६०३२ ला तुरा कमी येतो आणि तो थोडं थांबू शकतो. ज्या रानात खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक) ठेवायचा ते १५ फेब्रुवारीच्या आत मोकळं करा, कारण त्यानंतर तोडलेल्या उसाचा खोडवा नीट येत नाही. सुरूचा (हिवाळ्याच्या शेवटी लावलेला) ऊस शेवटी येतो, पण त्याला उशिरा युरिया दिला असेल तर तो कोवळाच राहतो आणि त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. मार्चमध्ये मजूर द्राक्षाच्या खुड्याला आणि पुढे उन्हाळ कांद्याच्या काढणीला जातात. तोड आणि गाळप यांत अंतर पडतं ते बहुतेक इथेच. तोडायला माणसं कमी असतील तर आधणं कमी करा. दोन दिवसांची तोड एकदम करून ढीग लावू नका.

गूळ चांगला येत असेल आणि फक्त ऊन वाढलं असेल, तर पहाटे चारला तोड, मोळ्या सावलीत, वर ओलं पाचट आणि दुपारच्या आत गाळप, या पद्धतीने आठ-दहा दिवस मिळतात. होळीच्या पोळ्यांचा गूळ आणि नशीब चांगलं असेल तर पाडव्याचाही यात निघतो. अक्षय्य तृतीयेपर्यंत ओढू नका. आखाजीच्या पुरणपोळीला लागणारा गूळ फेब्रुवारीतला साठवलेला असावा.

अवकाळी आला तर? जानेवारीत पाऊस झाला तर आठ-दहा दिवस थांबणं परवडतं, रान सुकतं आणि ब्रिक्स परत चढतो. मार्चच्या मध्यानंतर पाऊस किंवा गारपीट झाली तर वाट बघू नका. ओलाव्याने पांगशा फुटतात, चिपाड भिजतं, ओल्या जाळाने आधण रेंगाळतं आणि रेंगाळलेल्या आधणात साखर आणखी मोडते. गारांनी चिरलेला ऊस तीन-चार दिवसांत गाळून टाका आणि चुलवाण विझवा.

उतरत्या हंगामातच हायड्रोसचा (गुळाचा रंग उजळवणाऱ्या गंधकयुक्त पावडरीचा) डबा बाहेर येतो. त्याने गूळ पिवळा दिसतो, कडक मात्र होत नाही, आणि काही आठवड्यांत रंग पुन्हा गडद होतो. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दहा लाखांत ७० भाग आहे आणि हाताच्या अंदाजाने टाकलेली पूड ती सहज ओलांडते. रंगासाठी पावडर घालावी लागतेय, ही हंगाम संपल्याचीच खूण समजा.

उरलेल्या उसाला वाटा आहेत. ताजा, आंबूस वास नसलेला पण गोळी न धरणारा रस काकवीसाठी उत्तम. थंडीत काकवीत खडे धरू नयेत म्हणून सायट्रिक आम्ल घालावं लागतं, इथे मोडलेली साखर तेच काम करते. १०५–१०६ अंशांना उतरवा, गाळा, गार करून कोरड्या बाटल्यांत भरा. आंबलेला रस यालाही चालत नाही. रोज थोडा ऊस रसवंतीला देता येतो, उन्हाळ्यात तिथे मागणी चांगली असते. मोठा प्लॉट उरत असेल तर साखर कारखान्याचं गाळप चालू असतानाच, फेब्रुवारीत, बोलणी करून ठेवा. त्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप बंद झाल्यावर, गेलात तर जनावरांपुढे टाकण्याशिवाय काही उरत नाही.

शेवटचं आधण उतरलं की त्याच दिवशी चरक गरम पाण्याने आणि मग चुन्याच्या निवळीने धुवा. रोलरच्या दातांत अडकलेली चोयटी तारेच्या ब्रशने काढा, बेअरिंगला ग्रीस भरा. रसाची टाकी आणि पाइप रिकामे करा, कारण थेंब राहिला तरी तो आंबतो. काहील घासून, वाळवून आतून गोडेतेलाचा पातळ हात फिरवा आणि पालथी घाला. चुलवाणातली राख काढून शेतात टाका, धुराड्याच्या तोंडावर पत्रा बांधा. आणि निदान चार आधणांचं कोरडं चिपाड जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचून ताडपत्रीने झाका. पुढच्या दिवाळीनंतरचा पहिला जाळ त्यावरच पेटणार आहे.