फॉर्म बघायचा तर धावफलक शेवटी उघडा

इंग्लंडमधली कसोटी असली की मी आधी आभाळ बघतो. ढगाळ हवेत नवा ड्यूक्स चेंडू (तिकडचा, हवेत जास्त वळणारा) हाती असेल, तर स्लिपमध्ये, म्हणजे यष्टीरक्षकाशेजारी कट लागलेला झेल टिपायला, किती जण उभे आहेत ते मोजा. मग फलंदाज ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडतोय का, एवढंच बघत बसा. माझ्या लेखी फॉर्म तो.

कोहलीचंच घ्या. तिथे २०१४ मध्ये १० डावांत १३४ धावा, २०१८ मध्ये तेवढ्याच डावांत ५९३! दुसऱ्या खेपेला तो क्रीजबाहेर उभा राहिला, बाहेरचे चेंडू सोडत गेला. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज अँडरसन, त्याला विकेट दिली नाही. अर्थात एजबॅस्टनला अँडरसनच्याच चेंडूवर, २१ धावांवर असताना, इंग्लंडच्या मलानने कोहलीचा झेल सोडला होता. पुढे १४९ झाल्या. अशी जीवदानंही वहीत टिपा.