एमसीआयचं पाकीट आलं की आधी खोल्या मोजा

डीएचसीआरचं, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या गृहनिर्माण खात्याचं, जाड पाकीट आलं की बिलांच्या गठ्ठ्यात सारू नका. मी एकदा सारलं होतं. आपलं घर रेंट स्टॅबिलाइज्ड (म्हणजे भाडेवाढीवर कायद्याची मर्यादा असलेलं) असलं तरी मालकाने अख्ख्या इमारतीचा बॉयलर, खिडक्या किंवा छप्पर नवं केलं, तर त्यापोटी तो भाडं वाढवून मागू शकतो. हाच एमसीआय, म्हणजे मेजर कॅपिटल इम्प्रूव्हमेंट. मालकाच्या या मागणीला उत्तर द्यायची मुदत पाकिटातल्या नोटिशीवरच छापलेली असते. ती तारीख फ्रिजवर चिकटवा.

आता खोल्या. ही वाढ खोलीमागे लागते. आमच्या क्वीन्समधल्या एल्महर्स्टच्या घराच्या 5 खोल्या लावल्या होत्या, आहेत 4. आधीच्या भाडेकरूने हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं होतं, ते आम्ही यायच्या आधीच निघालं, कागदावर मात्र उभंच! बाथरूमही यात धरत नाहीत.

समजा 60 घरं, मिळून 240 खोल्या, मान्य खर्च 3,60,000 डॉलर. 35 पेक्षा जास्त घरं असली की खर्च 150 महिन्यांवर वाटतात, नाहीतर 144 वर. इथे महिन्याला 2,400, खोलीमागे 10. म्हणजे 4 खोल्यांचे 40, आणि चुकून 5 लावल्या तर 50. पण 2019 च्या कायद्यामुळे एका वर्षात भाड्याच्या 2 टक्क्यांहून जास्त वाढ घेता येत नाही. भाडं 1,400 असेल तर पहिल्या वर्षी 28, उरलेले 12 पुढच्या वर्षी. 30 वर्षांनी ही वाढ भाड्यातून काढून टाकायची असते (तेव्हा मी असेन नसेन, लेकीला सांगून ठेवलंय). लीज रिन्यू करताना लागते ती रेंट गाइडलाइन्स बोर्डाची (भाडेवाढीचा दर ठरवणाऱ्या शहराच्या मंडळाची) वाढ वेगळी. दोन्हींची गल्लत करू नका.

नुसती डागडुजी किंवा लॉबीचा रंग एमसीआयमध्ये बसत नाही. एचपीडीच्या, म्हणजे शहराच्या गृहनिर्माण खात्याच्या, साइटवर आपला पत्ता टाकून बघा. बी किंवा सी वर्गाचे, म्हणजे धोकादायक, नियमभंग नोंदलेले आणि न मिटलेले दिसले तर प्रिंट काढून उत्तराला जोडा, कारण ते मिटेपर्यंत मंजुरी देता येत नाही.

उत्तरात ‘मालक लबाड आहे’ लिहून काही होत नाही. आमच्या स्वयंपाकघरातली नवी खिडकी लावूनही वारा आत येई. मी फटीशी उदबत्ती धरली, धूर सरळ आत वळला, लेकीने फोटो काढले. तेच फोटो तारखेसकट जोडले. उत्तरावर शेजाऱ्यांच्या सह्यांसाठी मी दिवाळीच्या फराळाचे डबे घेऊन सहाही मजले फिरले. चकलीपुढे कोण नाही म्हणतो?

मंजुरीचा आदेश आलाच, तर 35 दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो, त्याला पार (PAR) म्हणतात. लीज ज्यांच्या नावावर आहे त्यांनी 62 पूर्ण केली असतील आणि उत्पन्न बेताचं असेल, तर शहराच्या स्क्री (SCRIE) या ज्येष्ठांसाठीच्या भाडे-सवलत योजनेची चौकशी करा. त्यात भाडं गोठतं आणि एमसीआयचा भारही तुमच्यावर येत नाही, मालकाला तेवढी करसवलत मिळते. आमच्या वरच्या आजींना हे 71व्या वर्षी कळलं.